सासूबाईंच्या हृदयापर्यंत, शांती नगरमार्गे

रिक्षा हॉस्पिटलच्या दारात थांबली तेव्हा माझ्यापाशी सगळं होतं. दोन बॅगा, थर्मास, चादर, सासूबाईंची घट्ट भरलेली कापसाची उशी, रिपोर्टांची जाड फाइल, मोबाइलचा चार्जर आणि डब्यात ठेपले. नव्हत्या त्या फक्त सासूबाई, ज्यांना दाखल करायचं होतं.

झालं होतं असं, की सामान फार म्हणून आम्ही दोन रिक्षा केल्या होत्या. पुढच्या रिक्षात मी आणि सामान, मागच्या रिक्षात माझी बायको सुरेखा आणि तिची आई, असं मी धरून चाललो होतो. सुरेखा ऐन वेळी गॅस बंद आहे का बघायला वर गेली. ती खाली आली तेव्हा माझी रिक्षा गेलेली, म्हणून तिने धरलं की आईला मी घेऊन गेलो, आणि तीही निघाली. मधल्या मध्ये सासूबाई आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिल्या.

सुरेखाचा फोन आला. "आईला दम लागत नाहीये ना?"

"आई तुझ्याबरोबर आहे ना?"

फोन कट झाला. त्याच रिक्षाने मी उलटा निघालो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "अंकल, तकिया लेके आये और पेशंट भूल गये?"

सासूबाई खुर्चीत आरामात होत्या. वॉचमनला त्या बोंबील कसे वाळवतात ते आगरी बोलीत सांगत होत्या आणि तो बिहारी माणूस मान डोलवत होता. मला बघून म्हणाल्या, "आलास? मना वाटला, पयला सामान भरती करतात."

माणसं प्रवासवर्णनं लिहितात ती हिमालयाची नाही तर युरोपची. माझ्या आतेभावाने सिंगापूरवर सोसायटीच्या दिवाळी अंकात नऊ पानं लिहिली, त्यांतली चार विमानातल्या जेवणावर होती. मी जिथे गेलो ते ठिकाण मीरा रोडच्या आमच्या शांती नगरहून रिक्षाने सहज गाठता येतं. वाटेत सिल्व्हर पार्कचा सिग्नल लागतो, तो नेहमीप्रमाणे लाल असतो. तरीही हे प्रवासवर्णनच आहे. कारण त्या मुक्कामात मी जे बघून आलो, ते बघायला फार थोडी माणसं जातात, आणि जी जातात ती बहुतेक झोपलेली असतात.

नकाशा

सासूबाई भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातल्या, राईच्या. मी गिरगावातून इथे राहायला आलेला. मीरा रोड म्हणजे टॉवर, मॉल आणि ट्रॅफिक एवढंच मला ठाऊक होतं. या टॉवरांच्या मागे अजून गावं आहेत, तिथे अंगणात जाळी सुकतात आणि माणसं 'आहे'ला 'हाय' आणि 'पडला'ला 'परला' म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. वर्षभर सासूबाईंना दम लागत होता. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग ओटीवर चढताना, मग नुसतं बोलताना. एकदा मासळी साफ करता करता त्या चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सुरेखाने त्यांना उचलून आमच्याकडे आणलं.

दाखल झाल्यावर त्यांचा सीटी स्कॅन झाला, मानेच्या नसांची सोनोग्राफी झाली, ईसीजी निघाला. संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर गुजराती, चाळिशीचे, बोलायला मोकळे. "माझं मराठी थोडं फाफड्यासारखं आहे, मोडतं," म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला.

स्क्रीनवर राखाडी रंगाचं काहीतरी हळूहळू गोल फिरत होतं, ढगातून वर आलेल्या डोंगरासारखं. त्याच्या माथ्यातून एक जाड वाट वर चढून कमानीसारखी वळून पुन्हा खाली उतरत होती, आणि त्या वळणावर तीन वाटा फुटून वर मानेकडे जात होत्या. डोंगराच्या आत, त्या वाटेच्या तोंडाशी, पांढरेशुभ्र खडे लखलखत होते.

"हे आजीचं हार्ट," डॉक्टर म्हणाले.

ज्या बाईने मला पहिल्या भेटीत 'जावय जरा वालकाच हाय', म्हणजे काटकुळा, म्हटलं होतं, तिचं काळीज माझ्यासमोर फिरत होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "ते पांढरं किती सुंदर दिसतंय!"

"काका, तोच प्रॉब्लेम आहे."

ती झडप होती. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं त्या दारावरची. वयाने तिच्यावर कॅल्शियम चढून ती दगडासारखी झाली होती, उघडायला तयार नव्हती. छाती उघडून बदलणं सासूबाईंना झेपणार नव्हतं. त्यामुळे जांघेतल्या नसेतून नवी झडप घडी घालून आत न्यायची, त्या कमानीवरून पलीकडे उतरवायची आणि जुन्या झडपेच्या आतच उघडायची. टाके जवळपास नाहीतच.

सासूबाई इतका वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. आता म्हणाल्या, "उघाडीला मीठ चरलाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सुरेखाकडे बघितलं. तिने सांगितलं, की मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिचे वडील जन्मभर मिठागरात होते.

"बरोबर!" डॉक्टर खूश झाले. "आता आजी, जुन्या उघाडीत नवी उघाडी बसवताना ते मीठ थोडं चिरडणार. त्याचा एखादा कण सुटला तर रक्ताबरोबर वाहत जाणार. या तीन वाटा दिसतात ना? त्यातून वर मेंदूत."

"म्हंजे लकवा," सासूबाई म्हणाल्या.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे लकव्याने गेले. एकदम नाही गेले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि त्यानंतर ते कित्येक वर्षं ओटीवरच्या खाटेवर पडून होते. सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं. त्यामुळे मरणाला ती बाई घाबरत नव्हती. तिला भीती होती ती फक्त या एका गोष्टीची.

"मना लकवा येल का? खरा सांग."

"येणारच नाही असं नाही सांगणार, आजी. खोटं बोलून सही नाही घेणार."

"मग आदी कलतो का, कोनाला येल ते?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पुढचं मला जमेल तसं सांगतो. आधी पक्कं कळत नाही, पण अंदाज बांधता येतो, आणि तो बांधण्यासाठीच दिवसभर एवढी पळापळ झाली होती. झडपेवर कॅल्शियम किती, कुठल्या कडेला, सैल लोंबणारा तुकडा आहे का? कमानीची भिंत गुळगुळीत आहे की खडबडीत? मानेच्या नसा मोकळ्या आहेत का? ठोके अनियमित पडतात का, कारण तसं असेल तर हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी धरते. पूर्वी कधी झटका येऊन गेला आहे का? सासूबाईंच्या नसा मोकळ्या, ठोके नियमित, गुठळी नाही. पण झडपेच्या एका कडेला कॅल्शियमचा मोठा गठ्ठा होता, आणि तो डॉक्टरांना आवडला नव्हता. तो गठ्ठा त्यांनी बोटाने स्क्रीनवर दाखवला, तेव्हा सुरेखाने माझं मनगट धरलं.

"म्हणून आजी, मी उजव्या मनगटातून एक बारीक तार नेणार आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाटांत छोट्या जाळ्या बसवणार. चहाची गाळणी असते ना, तशा. काम झालं की काढून घ्यायच्या."

"मग भिती न्हाय?"

"आहे. कमी आहे. जाळीत कचरा सापडतो हे मी रोज बघतो. पण जाळीने सगळ्यांनाच फायदा होतो का, यावर आमच्या डॉक्टर लोकांतच अजून भांडण आहे. तुमचा तो गठ्ठा बघून मी लावणार. आणि नंतर आमच्या सिस्टर तुम्हाला तासातासाला छळणार. हसा, हात वर करा, नाव सांगा. कारण झटका लगेच कळला तर उपाय असतो, उशिरा कळला तर फार कमी."

मला ही गोष्ट मोठी वाटली. आमच्या ऑफिसात नुसतं 'होऊन जाईल' म्हणायची पद्धत आहे, आणि ते सहसा होत नाही. इथे एक माणूस आपल्याला काय माहीत नाही तेसुद्धा समोर मांडत होता.

सासूबाईंनी बराच वेळ त्या फिरणाऱ्या डोंगराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मेली तर मेली. तशी परून नको र्‍हायाला. तेवरा बघ, बाबा."

जेवणाविषयी

प्रवासवर्णनात खाण्यापिण्याचं लिहावंच लागतं, आणि हॉस्पिटलच्या जेवणाविषयी लिहिण्यासारखं एकच आहे: ते बिनमिठाचं असतं. जिच्या घरी पोत्याने मीठ असायचं त्या बाईपुढे बिनमिठाची खिचडी आली. त्यांनी एक घास घेतला आणि ताट आणणाऱ्या बाईला विचारलं, "ह्या कोनासाटी हाय?"

"आपके लिए, अम्मा."

"मना वाटला पोटीस लावाला आनला."

शेजारच्या खाटेवर एक मारवाडी आजोबा होते, त्यांचीही झडपच होती. त्यांच्या सुनेने त्या रात्री आम्हाला घरचे मूगडाळीचे चिले दिले, आम्ही तिला ठेपले दिले. ठेपले आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीने केलेले होते, त्यामुळे आमच्या कुटुंबाचं या देवाणघेवाणीत योगदान म्हणजे फक्त डबा. सासूबाईंना चोरून सुक्या बोंबलाची चटणी द्यावी, असा विचार माझ्या मनात आला होता. पण त्या वासाने सबंध मजला जागा झाला असता.

एक पद्धत मात्र मला नवीन होती. तिथे कोणीही, काहीही करण्याआधी पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारतं. गोळी द्यायची? नाव सांगा. रक्त घ्यायचं? नाव सांगा. आमच्या गिरगावच्या चाळीत लोक नाव न विचारता लग्नाला जेवून जात. सासूबाईंची जन्मतारीख आधार कार्डवर एक जानेवारी आहे. त्या प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सांगत, "भातकापनीचे टायमाला," आणि मी मागून एक जानेवारी म्हणत असे.

काचेच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. आत नेताना त्यांची कवळी काढून डबीत घालून माझ्या हातात दिली. सुरेखा बाहेरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मी इथून हलणार नाही, आणि मला काही बघायचंही नाही." डॉक्टरांनी मला विचारलं, "काका, काचेतून बघणार? चक्कर येत असेल तर नको." मी म्हणालो, "छे, चक्कर कसली." आणि भिंतीला टेकून उभा राहिलो, म्हणजे आली तर सोय असावी.

काचेच्या पलीकडे हिरवे झगे घातलेली माणसं, मध्ये सासूबाई. पूर्ण बेशुद्ध केलं नव्हतं, नुसती गुंगी होती. अधूनमधून त्यांचे पाय हलत. काचेच्या अलीकडे माझ्यासमोर स्क्रीन, आणि स्क्रीनवर फक्त काळ्या-पांढऱ्या सावल्या. कालचा तो डोंगर आता धडधडत होता.

आधी मनगटाकडून एक बारीक रेघ आली आणि वर जाऊन थांबली. तिथे एक छोटीशी टोपी उघडली, मग दुसरी. जाळ्या बसल्या. शेजारी बसलेल्या टेक्निशियन मुलीने मला बोट लावून दाखवलं, नाहीतर मी वेगळ्याच बरगडीकडे कौतुकाने बघत होतो.

मग खालून, जांघेकडून, एक जाडसर तार वर येऊ लागली. तिच्या टोकाला पेन्सिलीएवढी काहीतरी घडी. ती पोटातून वर आली, पाठीच्या मणक्यांना समांतर चढत गेली, कमानीवर पोचली. तिथे ती क्षणभर थांबली. त्या वळणावर, त्या तीन वाटांच्या तोंडाखालून, डॉक्टर ती इतक्या हळू नेत होते, की झोपलेल्या बाळाला ओलांडून जाणारा माणूसही इतकं जपत नाही. तिथली भिंत खरवडली तर तिथूनच कण सुटतो, हे मला काल कळलं होतं. मी श्वास धरून उभा होतो. मुलगी म्हणाली, "सर, आप साँस लीजिए."

घडी पलीकडे उतरली. पांढऱ्या खड्यांच्या मधोमध जाऊन बसली. आत कोणीतरी काहीतरी बोललं, आणि स्क्रीनच्या कडेला जी हिरवी लाट इतका वेळ वरखाली होत होती, ती एकदम सपाट झाली.

"घाबरू नका," मुलगी आता मराठीत म्हणाली. "हार्ट मुद्दाम खूप जोरात पळवलंय. इतकं जोरात, की रक्त थांबतं. झडप उघडताना ती ढकलली जाऊ नये म्हणून."

म्हणजे त्या क्षणी सासूबाईंचं रक्त उभं होतं. एक माणूस मोठ्याने आकडे मोजत होता. घडी फुगली, कळी उमलावी तशी जाळीदार नळी झाली, आणि पांढरे खडे बाजूला सरकले. जुनी उघाडी भिंतीला दाबली गेली. लाट अजून सपाट होती. मी देव मानतो की नाही, हे माझं मलाच नक्की माहीत नाही, पण त्या वेळी मी हात जोडले होते. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्या मुलीने नंतर सांगितलं.

मग लाट परत आली. आधीपेक्षा उंच, भरदार. काचेच्या पलीकडे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने नुसतं घड्याळाकडे बघितलं, जणू नळ दुरुस्त करून झाला.

नंतर डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हा दोघांना एका ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवलेली ती जाळी दाखवली. अंगठीच्या तोंडाएवढीसुद्धा नाही. तिच्या तळाशी दोन-तीन कण होते. एक पिवळसर, बाकीचे रव्यासारखे.

"हे वर चाललं होतं," डॉक्टर म्हणाले.

सुरेखा वाकून बघत राहिली. मीही. माझ्या मनात एकच येत होतं. यातला एखादा वर पोचला असता तर काय घेऊन गेला असता? उजव्या हाताची बोटं? बोंबील वाळवायची रीत? की सुरेखाचं नाव? रव्याचा दाणा आपण चिमटीने उचलून टाकून देतो. इथे तेवढ्यात एक अख्खा माणूस मावला असता.

"झालं ना मग?" सुरेखाने विचारलं. "आता भीती नाही ना?"

"पहिले एक-दोन दिवस जपायचं. सगळेच कण जाळीत येतात असं नाही. नंतरही ठोके बिघडून गुठळी होऊ शकते." मग तिचा चेहरा बघून ते म्हणाले, "पण सुरुवात फार छान आहे."

आयसीयू

आयसीयूत सिस्टर लिजी होती, केरळची, वीस-बावीस वर्षांची, हिंदीत बोलणारी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिचा छळ सुरू झाला. "अम्मा, हँसो. दोनों हाथ ऊपर. मेरी उँगली दबाओ. नाम बोलो. अभी कहाँ है?" सासूबाई पहिल्या फेरीला हौसेने हसल्या, दुसऱ्या फेरीला जेमतेम, तिसऱ्याला म्हणाल्या, "हिला दुसरी कामा न्हाय का?" पण हात वर जात होते, बोटं दाबली जात होती, शब्द येत होते. प्रत्येक शब्दाला सुरेखा बाहेरून काचेला कपाळ टेकायची.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला एकालाच आत सोडत. मी सुरेखाला म्हणालो, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस, खाली जाऊन इडली खाऊन ये, मी थांबतो." या प्रवासातल्या माझ्या सगळ्या शहाणपणांपैकी हे सर्वांत महाग पडणार होतं.

सिस्टर लिजी आली. हात वर झाले. तेच तेच प्रश्न विचारले की पेशंट पाठ झाल्यासारखं उत्तर देतात, म्हणून तिने प्रश्न बदलला.

"अम्मा, आपके पति का नाम क्या है?"

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही.

"अम्मा? हसबंड का नाम?"

सासूबाईंनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टरने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. काही नाही. नुसते ओठ आवळलेले.

मी पुढे झालो. "आई, बोला ना. बाबांचं नाव सांगा. आठवतंय ना? बाबा! बाबांचं नाव!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

सिस्टरने माझ्याकडे वळून विचारलं, "अंकल, इनका फेस ऐसा ही है? एक साइड खींचा हुआ लगता है?"

मी बघितलं. गाल आत गेलेला, तोंड एका बाजूला मुरडलेलं. पंचवीस वर्षांत मी सासूबाईंना कवळीशिवाय इतक्या जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि ती कवळी त्या क्षणी डबीत माझ्याच खिशात होती. मी छातीठोकपणे म्हणालो, "नहीं! ऐसा नहीं है! टेढा हुआ है!"

पुढचं सगळं फार वेगाने झालं. सिस्टरने बटण दाबलं. कुठूनशी चार माणसं आली. कोणीतरी फोनवर सीटीची खोली रिकामी करायला सांगत होतं. डॉक्टर धावत आले, खरोखर धावत, एका पायातला स्लीपर मागे राहिलेला. त्यांनी टॉर्चने डोळे बघितले, हात-पाय उचलायला लावले. ते उचलले गेले. "आजी, बोला. पतीचं नाव सांगा." जो प्रश्न चुकला होता, तोच प्रत्येक जण विचारत होता. सासूबाई इतक्या परक्या माणसांच्या गराड्यात डोळे गच्च मिटून पडल्या होत्या.

मी जिन्याकडे पळालो. सुरेखा वरच येत होती. "आईचं बोलणं गेलं," मी म्हणालो. ती माझ्या बाजूने वाऱ्यासारखी आत गेली. सिस्टर अडवायला आली, तिला तिने हाताने बाजूला केलं.

"काय झालं? काय विचारलंत तिला?"

"नवऱ्याचं नाव," मी धापा टाकत म्हणालो.

सुरेखा जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं.

"अहो, ती कशी घेईल?"

आणि आईजवळ जाऊन, तिच्या कानाशी, एकदम हळू, "आई, माझं नाव काय?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "सुरेखा. आनी त्या तुजे नवर्‍याला सांग, कानाशी बोंबलू नको. मी बहिरी न्हाय झाली."

कोणीतरी आधी हसलं, मग सगळेच. सिस्टर लिजी मात्र कोपऱ्यात उभी राहून रडायला लागली. डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू बरोबर केलंस. अशी दहा वेळा घंटा वाजली तरी मी दहा वेळा धावत येईन. एकदा वाजली नाही तर मात्र फार वाईट होईल." आणि तरीही त्यांनी सासूबाईंचा सीटी स्कॅन करून घेतलाच. "माझी झोप तरी नीट होईल," म्हणाले. स्कॅन स्वच्छ निघाला. मी खिशातून कवळी काढून दिली. तिच्यावर कोणी काही बोललं नाही, हा त्या लोकांचा मोठेपणा.

स्कॅनहून परत आल्यावर डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. "आजी, जिंदगीभर नाव नाही घेतलं? मग हाक कशी मारायच्या?"

"हाक कश्याला? बांगऱ्या वाजवल्या का ते वलून बघायचे."

"आणि ते आजारी होते तेव्हा?"

सासूबाईंनी अंगावरची चादर सारखी केली.

"तवा त्याना बोलता येत नवता, मना नाव घेता येत नवता. बरा चालायचा आमचा."

डॉक्टर उठले. दारापाशी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एका पायात स्लीपर नाही.

परत

पुढचे दिवस सरळ गेले. ठोके नियमित राहिले. सासूबाई खाटेवरून उठल्या, मग खोलीत चालल्या, मग लांबलचक व्हरांड्यातून चालल्या, आणि चालता चालता बोलत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वर्षभरात मी त्यांना एका दमात पूर्ण वाक्य बोलताना ऐकलंच नव्हतं. ते नवीन वाक्य माझ्या घोरण्याविषयी होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या आणि आम्हा दोघांना शिकवलं: हसू एका बाजूला झुकलं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही, साखर-पाणी देत बसायचं नाही, सरळ इकडे निघायचं. मी विचारलं, "आणि नाव?" ते म्हणाले, "नातवंडांचं विचारा."

मी आजवर समुद्र बघितला, हिमालय बघितला, एकदा ऑफिसच्या खर्चाने दुबईसुद्धा बघितली. पण एवढ्याशा कणाच्या मागावर इतकी माणसं, इतकं डोकं आणि इतकी काळजी लागलेली मी कुठे बघितली नाही. एका बाईचे शब्द तिच्यापाशी राहावेत एवढ्यासाठी हे सगळं.

सासूबाई आता आमच्याकडेच आहेत, टीव्हीसमोर. परवा सकाळी मी भाजी आणायला म्हणून चपला घालत होतो. हाक आली, "प्रकाश!"

मी दार उघडून जिन्यात बघितलं, माझं नाव घेणारं कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं. वळून बघतो तर सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात ओले, कानांपर्यंत लाल झालेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी तिचा 'अहो' होतो, 'ऐकलंत का' होतो, मुलीचा बाबा होतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आईचं बोलणं गेलं असं तुम्ही सांगितलंत ना, तेव्हापासून ठरवलंय. उद्या माझं बोलणं गेलं, तर तुमचं नाव एकदाही न घेता जायला नको. एवढंच." मग आत जाता जाता, "आणि प्रकाश, कोथिंबीर बघून आणा."